व्हेरोनात तो गप्प बसू शकला असता

इ.स. 522. रोम. तुम्ही सर्कस मॅक्सिमसच्या पायऱ्यांवर येऊन बसला आहात. सर्कस म्हटल्यावर तंबू आणि विदूषक डोळ्यांपुढे आणू नका. हे रथांच्या शर्यतींचं मैदान आहे, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत लांबच लांब पसरलेलं. वरच्या रांगा ओस आहेत, कारण एकेकाळी दहा लाखांच्या घरात वस्ती असलेलं हे शहर आता पार आटलं आहे. खालच्या रांगांत मात्र मुंगीला शिरायला जागा नाही. एकीकडे हिरव्या गटाचे, दुसरीकडे निळ्या गटाचे, आणि शर्यत सुरू व्हायच्या आतच दोघांचे घसे बसले आहेत.

मानाच्या जागी दोन कोवळी पोरं आहेत. सख्खे भाऊ, आणि या वर्षाचे दोन्ही कॉन्सुल. एक सिमॅकस, दुसरा बोएथियस. दोघांच्या मधे त्यांचा बाप, त्याचंही नाव बोएथियस, वय चाळिशीच्या जरासं पुढे. रोममध्ये वर्ष कॉन्सुलांच्या नावाने ओळखलं जातं, तेव्हा यंदा प्रत्येक दस्तावर या पोरांची नावं चढणार. एरवी दोनपैकी एक नाव पूर्वेकडून, कॉन्स्टँटिनोपलहून येतं. यंदा सम्राट जस्टिनने आपला हक्क सोडला आणि दोन्ही पदं एकाच घरात आली. बापाने सिनेटमध्ये राजाच्या स्तुतीचं भाषण ठोकलं आहे आणि आता तो लोकांवर सढळ हाताने खैरात करतो आहे.

तुम्हाला मात्र हा सोहळा धड बघवत नाही, कारण तुम्ही पुढचं वाचून आला आहात. दोनेक वर्षांत हा माणूस मारला जाणार आहे. ओरडून सांगावंसं वाटतं, पण या प्रवासात बघायची मुभा आहे, बोलायची नाही. मग मनात येतं: जे होणार ते मला आधीच ठाऊक आहे, तर या माणसाच्या हातात काही उरलंय का? गंमत म्हणजे या प्रश्नावर जगात जी थोडी नेमकी उत्तरं लिहिली गेली, त्यातलं एक हाच माणूस लिहिणार आहे. पण अजून अवकाश आहे. तोवर पंधराएक वर्षं मागे चला.

रावेन्ना, इ.स. 507 च्या आसपास. दलदलीने वेढलेलं, म्हणून जिंकायला अवघड, म्हणून राजधानी. हातात मेण लावलेली पाटी आणि टोकदार लेखणी घ्या. लिहिण्याचं सामान हातात असलेल्या माणसाला कुठल्याच काळात कचेरीत कोणी हटकत नाही. इथला राजा थिओडोरिक, ऑस्ट्रोगॉथ. लहानपणची दहा वर्षं त्याने कॉन्स्टँटिनोपलला ओलीस म्हणून काढली. पश्चिमेच्या शेवटच्या बालसम्राटाला 476 साली ओडोएकरने गादीवरून उतरवलं होतं. त्या ओडोएकरला थिओडोरिकने 493 साली इथेच, तहानंतरच्या मेजवानीत, स्वतःच्या हाताने कापलं. पण राज्य चालवायला नुसती तलवार पुरत नाही हे त्याला पक्कं कळतं. म्हणून फौज गॉथांची आणि दप्तर रोमनांचं, अशी वाटणी त्याने करून टाकली आहे.

दप्तरात कॅसिओडोरस राजाच्या नावाने पत्रं लिहितो आहे. अलंकार घातल्याशिवाय याचं वाक्य दाराबाहेर पडत नाही. आजचं पत्र बोएथियसला आहे. बर्गंडियन राजा गुंडोबाद याला दोन घड्याळं भेट द्यायची आहेत, ती बनवून दे. एक सावलीचं, एक पाण्याचं. दोन कशासाठी? ढग आले किंवा रात्र पडली की सावली गेली, मग पाणी वेळ सांगणार. आणखी एका पत्रात फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याच्यासाठी चांगला वीणावादक निवडून दे म्हणून गळ आहे. तिसरं पत्र पैशांचं. राजाच्या रक्षकांची तक्रार आली आहे की पगारात मिळणारी सोन्याची नाणी वजनात मारलेली आहेत, तर याचा छडा लाव. घड्याळं, वीणा, नाणी. एकाच माणसाकडे ही तिन्ही कामं जातात, कारण तिन्हींच्या मुळाशी गणित आहे आणि अंकगणितावरचं आणि संगीतावरचं लॅटिन पुस्तक याच्या हातचं आहे. संगीताच्या पुस्तकात त्याने तीन संगीतं सांगितली: ग्रहताऱ्यांच्या गतीतलं, माणसाच्या देहमनातलं आणि वाद्यातलं. वाद्यातलं त्याच्या लेखी सगळ्यात खालचं.

आता रोमला, त्याच्या वाचनखोलीत. भिंतींना हस्तिदंत आणि काच जडवलेली, फडताळांत ग्रीक गुंडाळ्या आणि बांधीव पोथ्या. वडील, 487 सालचे कॉन्सुल, लवकर गेले. पोरक्या मुलाला सिमॅकस या सिनेटरने घरी नेलं, वाढवलं आणि पुढे आपली मुलगी रुस्टिसियाना दिली. सासरा आणि जावई दोघेही ग्रंथांत बुडालेले. बोएथियसने मनाशी एक संकल्प धरला आहे: ऍरिस्टॉटल जेवढा मिळेल तेवढा आणि प्लेटोचे सगळे संवाद लॅटिनमध्ये आणायचे, त्यावर भाष्य लिहायचं आणि मुद्द्याच्या गोष्टींत दोघांचं जमतं हे दाखवून द्यायचं. घाईचं कारण उघड आहे. इटलीत ग्रीक वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ही पिढी गेली की पूल तुटला. 510 साली तो स्वतः कॉन्सुल होतो, त्या धबडग्यातही ऍरिस्टॉटलवरचं भाष्य सोडत नाही, आणि सरकारी कामामुळे पुरेसा वेळ मिळत नाही असं भाष्यातच नोंदवून ठेवतो.

असा माणूस वाचनखोलीतच राहिला असता तर म्हातारा होऊन मेला असता. पण प्लेटोने सांगितलेलं त्याने मनावर घेतलं आहे: शहाण्यांनी राज्यकारभारातून अंग काढलं की तो नालायकांच्या हाती जातो. त्याने अंग काढलं नाही, आणि शत्रू जोडत गेला. दुष्काळात कांपानिया प्रांतातून सरकार सक्तीने धान्य खरेदी करू लागलं, तेव्हा तो थेट राजापुढे जाऊन भांडला आणि खरेदी थांबवली. पॉलिनस नावाच्या माजी कॉन्सुलच्या संपत्तीवर दरबारातले लोक टपले होते, त्यांच्या दाढेतून त्याने त्याला सोडवलं. गरिबांना नाडणारा कोनिगास्ट, राजवाड्यातला ट्रिगुइला, दोघांच्याही तो आडवा गेला. 522 च्या सुमारास राजाने त्याला राजवाड्याच्या कारभाराचं सर्वोच्च पद दिलं. ज्यांच्या पोटावर पाय आले होते, ते आता रोज त्याच्यासमोर मान लववत होते. हे फार दिवस चालणारं नव्हतं.

इ.स. 523. व्हेरोना. राजा सध्या इथे आहे. तुम्ही दरबाराच्या कडेला, पाटी छातीशी धरून उभे आहात. थिओडोरिक सत्तरीला टेकलाय. त्याची झोप उडायला कारणं आहेत. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्या चर्चमध्ये पस्तीस वर्षं फूट होती. स्वतः वेगळ्या, एरियन पंथाच्या गॉथ राजाला ती सोयीची होती, कारण भांडणाऱ्या दोघांच्या मधे तिसरा सुखाने राहतो. 519 साली ती फूट मिटली. आता रोमचे सिनेटर आणि पूर्वेचा सम्राट एका पंगतीला बसू शकतात. त्यात राजाचा जावई आणि वारस युथारिक वारला. मागे उरला लहानसा नातू.

किप्रियानस पुढे येतो. लोकांचे अर्ज आणि दावे राजापुढे मांडणं हे याचं काम. कामाने कंटाळलेला राजा रपेटीला निघाला की हा घोड्यावरून सोबत जाऊन खटले सांगतो, इतकी जवळीक. आज तो सांगतो की सिनेटर आल्बिनसने सम्राट जस्टिनला राज्याच्या विरोधात पत्रं लिहिली आहेत. आल्बिनस नाकारतो. राजाचा चेहरा बघा. मग बाकीच्यांचे बघा. एकेकाची नजर जमिनीला खिळली आहे. आल्बिनस बुडाला तर बुडेल, दोन महिन्यांत विसरूनही जाऊ, असा हिशेब प्रत्येकाच्या कपाळावर लिहिलेला आहे.

आणि तुम्हाला ठाऊक असलेला तो क्षण येतो. बोएथियस बोलतो. म्हणतो की आरोप खोटा आहे. आल्बिनसने हे केलं असेल, तर मी आणि अख्ख्या सिनेटनेही एकमताने केलंय.

त्याचा डाव असा की सगळी सिनेट पाठीशी उभी केली की आरोप हास्यास्पद ठरेल. किप्रियानस क्षणभर चाचरतो, मग तेच वाक्य उचलतो आणि बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवतो. तीन साक्षीदार उभे राहतात. बॅसिलियस, नोकरीवरून काढलेला, कर्जात बुडालेला. ओपिलिओ आणि गौडेंशियस, लबाड्यांबद्दल हद्दपारीची शिक्षा झालेले. दोघे चर्चच्या आश्रयाला जाऊन बसले होते. ठरल्या दिवसापर्यंत रावेन्ना सोडली नाही तर कपाळावर डाग देऊन हाकलून लावा, असा राजाचा हुकूम सुटला, आणि त्याच दिवशी त्यांची बोएथियसविरुद्धची साक्ष मान्य झाली. आरोप तीन: सिनेटला अडकवणारी कागदपत्रं राजापर्यंत पोचू दिली नाहीत, रोमच्या स्वातंत्र्याची आशा धरून पत्रं लिहिली, आणि पदासाठी जादूटोणा केला. पत्रं बनावट आहेत असं तो सांगत राहतो. तिसऱ्या आरोपाचा पुरावा म्हणजे त्याचं तत्त्वज्ञानच. ग्रहताऱ्यांची गणितं मांडणारा माणूस काळी विद्या करत नसेल तर काय करत असेल?

इ.स. 524. टिसिनम. पुढे या गावाला पाविया म्हणतील. बोएथियस इथे कैदेत आहे. रोम इथून पाचशे रोमन मैल दूर आहे. तिथे सिनेट भरली, त्याचं म्हणणं न ऐकता त्याला दोषी ठरवलं. ज्या सिनेटसाठी त्याने मान पुढे केली, तिनेच ती सुरीखाली दिली. त्याच्या बाजूने हात एकाचाही वर झाला नाही. तो कडवटपणे लिहितो की सिनेटची बाजू घेण्याच्या गुन्ह्यासाठी पुन्हा कोणी दोषी ठरू नये, हीच त्यांची लायकी.

तुम्ही त्याच्या खोलीच्या दाराशी उभे आहात. हस्तिदंताच्या भिंती नाहीत, फडताळं नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे ग्रंथ आणण्यात घालवलेल्या माणसाकडे आता फक्त पाठ असलेलं आहे. त्याच्या भोवती काव्यदेवता जमल्या आहेत आणि तो रडगाणं रचतो आहे. इतक्यात ती येते. तुम्हाला ती दिसणार नाही, तो इथे लिहितो आहे त्या ग्रंथाच्या पानावरच ती दिसते. कधी माणसाएवढी, कधी डोकं आभाळाला टेकलेलं. वस्त्र तिने स्वतः विणलेलं, न तुटणाऱ्या धाग्यांचं. खालच्या काठावर ग्रीक पाय हे अक्षर, वरच्या काठावर थीटा, मधे पायऱ्या: आचरणापासून चिंतनापर्यंत. पण वस्त्राच्या चिंध्या झाल्या आहेत. ज्यांनी तिला आपली म्हणून ओरबाडलं, त्या पंथापंथांच्या हातात तुकडे गेले आहेत. उजव्या हातात पुस्तकं, डाव्या हातात राजदंड. ही प्रज्ञा, तत्त्वविद्या. काव्यदेवतांना ती हाकलून लावते आणि पदराने त्याचे डोळे पुसते.

ती त्याला लगेच शहाणपण शिकवत नाही. आधी त्याला बोलू देते. तो अख्खी फिर्याद मांडतो, वर दिलेली सगळी नावं घेऊन. पुढच्या लोकांपासून खरं लपून राहू नये म्हणून आपण हे लिहूनही ठेवलंय, हेही सांगतो. मग ती वैद्याच्या क्रमाने जाते, आधी सौम्य औषध, नंतर जालीम. दैवाचं चाक फिरतं, रहाटगाडग्यासारखं, वर गेलेलं गाडगं रिकामं होऊन खाली येणारच. चाकावर बसलास तेव्हा हे ठाऊक नव्हतं का? पोरांच्या मधे बसून सर्कसमध्ये खैरात केलीस तो दिवस विसरलास? पैसा, पद, सत्ता, कीर्ती, सुख, एकेक घेऊन ती दाखवते की यातलं काहीच माणसाचं स्वतःचं नव्हतं. दुष्टांची चलती का, याचंही उत्तर ती देते: दुष्टपणा हीच दुष्टाला झालेली शिक्षा. हे उत्तर तुम्हाला पटेलच असं नाही. त्यालाही ते पहिल्या फटक्यात पटत नाही.

ग्रंथाच्या पाचव्या आणि शेवटच्या भागात तो तुमचा प्रश्न विचारतो. ईश्वराला पुढचं सगळं आधीच दिसत असेल तर माझ्या हातात काय आहे? त्याचं ज्ञान चुकणार नाही, म्हणजे मी तसं वागणारच, मग बक्षीस कशाचं आणि शिक्षा कशाची? इथे ती त्याला परत सर्कसमध्ये नेते. सारथी लगाम खेचतोय, वळणावर रथ झुकवतोय, तुम्ही ते डोळ्यांनी बघताय. तुमच्या बघण्याने त्याचा हात वळला का? समोरचं दिसणं ही समोरच्यावर सक्ती नाही. ईश्वर काळात पुढे बघत नाही. त्याच्यासाठी अनंत आयुष्य एकाच वेळी, सगळंच्या सगळं हजर आहे. आपल्याला जे उद्या आहे, ते त्याला सर्कसच्या पायरीवरून दिसणाऱ्या रथासारखं समोर आहे.

तुमची जागा ईश्वराची नाही. तुम्ही फक्त वाचून आलेले प्रवासी, एका वर्षातून दुसऱ्या वर्षात उड्या मारणारे. पण तेवढ्यापुरता युक्तिवाद तुम्हालाही लागू पडतो. व्हेरोनात काय होणार हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी ते वाक्य तुम्ही त्याच्या तोंडी घातलं नव्हतं. दरबारातल्या इतरांसारखा तो जमिनीकडे बघत उभा राहू शकला असता. नंतरच्या वाचकांनी हा ग्रंथ बऱ्याचदा नशिबापुढे हात टेकायला शिकवणारा म्हणून वाचला. शेवटच्या भागातला वाद मात्र उलट दिशेला जातो. जो माणूस मरणाच्या दारात बसून आपली कृती आपलीच होती हे सिद्ध करायला इतका झटतो, त्याला ती कृती नाकारायची नाही, तिच्यावर हक्क सांगायचा आहे.

पुढचं झटपट बघून घ्या. कपाळाभोवती दोरी आवळली, डोळे बाहेर येईस्तोवर, मग सोट्याने मारलं, असं एका जुन्या वृत्तान्तात आहे. पाठोपाठ सासरा सिमॅकसही गेला. 526 च्या ऑगस्टमध्ये थिओडोरिक मेला. लोक सांगत की ताटातल्या माशाच्या डोक्यात त्याला सिमॅकसचा चेहरा दिसला आणि त्याने धसका घेतला. रावेन्नात त्याचं थडगं आहे, वर एकाच दगडाचं दहा मीटर रुंदीचं छत. पण जवळच त्याने बांधलेल्या चर्चमध्ये जा. मोझेइकमधल्या राजवाड्याच्या कमानींत उभी असलेली माणसं पूर्वेकडच्यांनी रावेन्ना घेतल्यावर पुसून टाकली आणि तिथे पडदे जडवले. काही खांबांवर मात्र त्या माणसांचे हात, बोटं तशीच राहिली आहेत.

546 साली रोम गॉथांच्या हाती पडलं तेव्हा रुस्टिसियाना दारोदार भाकरी मागत होती. वेढ्याच्या काळात आपलं होतं नव्हतं ते तिने भुकेल्यांना वाटून टाकलं होतं. थिओडोरिकचे पुतळे हिने पाडायला लावले, म्हणून गॉथ तिच्या जिवावर उठले. त्यांचा राजा टोटिला याने तिला वाचवलं.

बोएथियसच्या त्या संकल्पाचं काय झालं? प्लेटो राहून गेला. ऍरिस्टॉटलचं तर्कशास्त्र तेवढं आलं. पण पश्चिमेत ग्रीक खरोखरच विसरलं गेलं आणि बाराव्या शतकापर्यंत ऍरिस्टॉटल म्हणजे बोएथियसने आणला तेवढाच, अशी स्थिती झाली. जाती आणि वर्ग हे खरोखर असतात की नुसते मनात, हा प्रश्न त्याने एका भाष्यात चर्चेला घेतला, पण प्लेटो बरोबर की ऍरिस्टॉटल, याचा निकाल देणं टाळलं. त्यावर मध्ययुगातले पंडित शतकानुशतकं एकमेकांच्या उरावर बसले. तुरुंगात, पुस्तकांविना लिहिलेलं पुस्तक मात्र सगळ्यात दूरवर गेलं. इंग्लंडात राजा आल्फ्रेडच्या नावावर चालत आलेल्या अनुवादात दैव आणि ईश्वरी योजना यांची वर्तुळं बैलगाडीच्या चाकासारखी झाली: आस, तुंबा, आरे, धाव. लाडकी बियाट्रिस गेल्यावर इटालियन कवी दांतेने याच पुस्तकाचा आधार घेतला आणि पुढे स्वर्गात सूर्याच्या गोलात बोएथियसला जागा दिली. 1593 साली, साठीतल्या एलिझाबेथ राणीने ते स्वतः इंग्रजीत उतरवलं. ग्रंथात ख्रिस्ताचं नाव नाही, म्हणून हा ख्रिस्ती तरी होता का, असा वाद बरीच वर्षं चालला. 1877 साली कॅसिओडोरसचा एक त्रोटक मजकूर प्रसिद्ध झाला, तेव्हा बोएथियसने धर्मशास्त्रावरही लिहिल्याचं पक्कं झालं. 1883 साली पोपने पावियातल्या त्याच्या पूजेला मान्यता दिली. तिथल्या सान पिएत्रो इन चिएल दोरो या चर्चच्या तळघरात त्याच्या अस्थी ठेवलेल्या आहेत, वरच्या मजल्यावर संत ऑगस्टिन.

परतण्याआधी दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. एक कॅसिओडोरसच्या संग्रहातला. बोएथियस गेल्यावर त्याचं पद याच कॅसिओडोरसला मिळालं, आणि किप्रियानसला खजिन्याचा मुख्य अधिकारी नेमतानाचं, त्याच्या सचोटीचे गोडवे गाणारं राजाचं पत्रही याच्याच लेखणीतून उतरलं. दुसरा कागद पावियात लिहिलेला. त्यात किप्रियानस चहाडखोर आहे, आणि शेजारी बॅसिलियस, ओपिलिओ, गौडेंशियस, कोनिगास्ट, ट्रिगुइला. प्रज्ञेने त्याला पुष्कळ सोडायला शिकवलं, पण ही नावं खोडायला सांगितली नाहीत. म्हणून पुढे इंग्रज कवी चॉसर अनुवादाला बसला तेव्हा त्याला ती लिहावी लागली, एलिझाबेथलाही लिहावी लागली. पहिलं पत्र आज फक्त इतिहासाचे अभ्यासक उघडतात. दुसरं ज्याच्या हाती येईल, त्याला पहिल्याच भागात त्या दरबारातल्या एकेकाचं नाव वाचायला मिळतं.